४६ पैकी ४२ स्पर्धा जिंकल्या, मास्तर निवृत्त झाले आणि बँड बसला

विश्लेषण

शाळेला एखादं बक्षीस मिळालं की दोन दिवस गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतात. ट्रॉफी हेडमास्तरांच्या कपाटात जाते आणि विषय संपतो. ते यश कशावर उभं होतं आणि पुढच्या वर्षी टिकेल का, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. हाच प्रश्न समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका शाळेचं उदाहरण उपयोगी आहे. टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीतली सरकारी शाळा. नाव कॅशमिअर हायस्कूल.

काय केलं होतं या पोरांनी?

१९६० च्या दशकाच्या शेवटी या शाळेचे संगीत शिक्षक कॉनरॅड जॉन्सन यांनी जॅझ बँड उभा केला. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात जन्मलेलं संगीत. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ड्रम अशी वाद्यं असतात. लिहिलेली चाल सगळे मिळून वाजवतात, पण मध्येच एकेकाला मोकळं सोडतात आणि तो स्वतःच्या मनानं वाजवतो. फडावरचा ढोलकीवाला ठेका सांभाळून मध्येच आपला तुकडा वाजवतो आणि बरोबर समेवर येतो ना, साधारण तसंच.

बाकीच्या शाळांचे बँड जुन्या चाली खुर्चीत बसून वाजवायचे. जॉन्सन मास्तरांनी पोरांना त्या काळातलं फंक संगीत दिलं, स्वतः नवीन चाली लिहिल्या आणि वाजवता वाजवता नाचायलाही लावलं. १९६९ ते १९७७ या काळात या बँडनं ४६ स्पर्धांपैकी ४२ जिंकल्या. १९७२ मध्ये अलाबामा राज्यात झालेल्या राष्ट्रीय महोत्सवात तो देशातला पहिल्या क्रमांकाचा शालेय बँड ठरला. पोरं युरोप आणि जपानपर्यंत जाऊन आली. ज्या वस्तीची बातमी एरवी फक्त गुन्ह्यांची यायची, तिची बातमी वाद्यांमुळे आली.

मग काय झालं?

१९७८ मध्ये जॉन्सन मास्तर निवृत्त झाले आणि पुढे बँड हळूहळू बसत गेला. २००८ मध्ये जुने विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेले, पुन्हा जमले आणि मास्तरांसमोर वाजवले. त्यानंतर लगेचच वयाच्या ९२ व्या वर्षी मास्तर वारले. या पुनर्भेटीवर 'थंडर सोल' नावाचा माहितीपट निघाला. म्हणजे कौतुक झालं, पण शाळेतला बँड काही त्या जागी परत आला नाही.

गोष्ट इथंच संपत नाही. पुढे हीच कॅशमिअर शाळा सलग अनेक वर्षं राज्याच्या गुणवत्ता मोजणीत नापास होत राहिली. टेक्सासनं २०१५ मध्ये कायदा केला, की एखादी शाळा सलग पाच वर्षं नापास झाली तर राज्याला ती बंद करता येईल किंवा तिथल्या निवडून आलेल्या शिक्षण मंडळाला बाजूला करता येईल. २०१९ मध्ये कॅशमिअर कशीबशी पास झाली, पण त्याच शहरातली व्हीटली ही दुसरी शाळा नापास झाली. कोर्टकचेरीनंतर जून २०२३ मध्ये राज्यानं ह्यूस्टनच्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार हातात घेतला. पालकांनी निवडून दिलेले सदस्य गेले आणि वरून नेमलेले आले. २०२५ मध्ये ही मुदत आणखी दोन वर्षांनी वाढवली.

इथं एक सावधगिरी हवी. बँड बंद पडला म्हणून शाळा नापास झाली, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. गरिबी, वस्ती सोडून जाणारी कुटुंबं, टिकून न राहणारे शिक्षक, अशी कारणं बरीच असतात. पण एवढं नक्की, की ४२ ट्रॉफ्या शाळेला वाचवू शकल्या नाहीत. कारण यश एका माणसाच्या खांद्यावर होतं. तो गेल्यावर खांदा द्यायला दुसरा तयार केलेला नव्हता.

टिकलं ते कुठं?

आता दुसरं उदाहरण. सिएटल शहरातली गारफिल्ड हायस्कूल. न्यूयॉर्कमध्ये १९९६ पासून ड्यूक एलिंग्टन या थोर जॅझ संगीतकाराच्या नावानं शालेय बँडची स्पर्धा होते. आयोजक शाळांना एलिंग्टनच्या रचनांचे लिखित कागद फुकट पाठवतात. या स्पर्धेत गारफिल्ड २००३, २००४, २००९ आणि २०१० अशी चार वेळा पहिली आली.

तिथंही मोठा शिक्षक होताच. क्लॅरेन्स एकॉक्स १९७१ ते २०१९ एवढा काळ एकाच शाळेत राहिले. पण फरक असा, की जवळच्या मिडल स्कूलमध्येच मुलं वाद्य धरायला आणि लिहिलेलं संगीत वाचायला शिकून यायची. हायस्कूलला येईपर्यंत पाया तयार. शिवाय बँड हा शाळेच्या वेळापत्रकातला रोजचा तास आणि शिक्षक पूर्ण पगारी. पालकांचा गट प्रवास, वाद्यं यासाठी पैसे उभे करतो. म्हणजे खालून येणारी मुलं, रोजचा तास आणि पाठीशी पालक अशी साखळी आहे.

आपल्याला हे नवीन नाही

ही साखळी आपल्या शेजारी गोव्यातही होती. पोर्तुगीज काळात चर्चच्या गावशाळांमध्ये मुलांना संगीत वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. तिथून शिकलेली पिढी मुंबईत आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि मग हिंदी सिनेमात शिरली. हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्यातलेच. त्यांची ट्रम्पेट आणि पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या चाली 'अलबेला'मध्ये एकत्र आल्या. एका गावशाळेतल्या शिकवणीचं पाणी कुठवर पोचलं बघा.

आता आपल्या जिल्हा परिषद शाळांकडे बघू. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी निदेशक द्यायला सांगितलं आहे. पण तेही अंशकालीन. आज आहेत, उद्या असतील का, त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. दहावीला शास्त्रीय आणि लोककलेचे अतिरिक्त गुण मिळतात, ही चांगली गोष्ट. पण शिकवणारा गावात नसेल तर ते गुण शहरातल्या क्लासवाल्या मुलांनाच मिळणार.

आणि आपल्याकडे सामान नाही असं नाही. लेझीम आहे, ढोल-ताशा आहे, भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज आहे. गावात वाजवणारी जाणती माणसंही आहेत. नाही तो वेळापत्रकातला तास. म्हणून स्नेहसंमेलन आलं की स्पीकर लावायचा आणि पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर पोरं नाचवायची.

समितीत विचारायचे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. म्हणजे हा विषय मांडायला मुंबईला जायची गरज नाही. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आठवड्यात संगीताचा तास कागदावर आहे की खरंच होतो? शाळेची वाद्यं कोणत्या खोलीत आहेत आणि किल्ली कोणाकडे? आणि आज जे गुरुजी किंवा बाई हे हौसेनं करतात, त्यांची बदली झाली तर पुढे कोण करणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅशमिअरकडे नव्हतं. आपल्याकडे गुरुजींची बदली तर ठरलेलीच असते. म्हणून ते उत्तर बदलीच्या आधीच तयार ठेवलेलं बरं.