एक ट्रॉली, चार काटे

ऊसवाल्याला काटा म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. भीमाशंकर कारखाना आपल्या पारगावातच आहे. ट्रॉली भरली की पहिला प्रश्न एकच असतो: काटा बरोबर आहे ना?

मग हाच प्रश्न आपण मोबाईलमधल्या काट्याला का विचारत नाही?

बाजारभाव दाखवणारं, खतं-औषधं विकणारं, कर्ज देणारं, कुठलंही ॲप किंवा वेबसाइट उघडा. पडद्यामागे मोजणी सुरू होते. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या बटणावर बोट टेकवलं, किती वेळ थांबलं. याला म्हणतात ॲनालिटिक्स. मोजणी करणं गुन्हा नाही, दुकानदारही गिऱ्हाईक बघतोच. माझं भांडण वेगळं आहे. एकाच ट्रॉलीला चार काटे लावायचे आणि प्रत्येक काटेवाल्याने दोन-दोन ऊस उपसून न्यायचे, याला माझा विरोध आहे.

हे होतं कसं ते बघा. मॅनेजरला गुगल ॲनालिटिक्स हवं. जाहिरातवाल्याला मेटा पिक्सेल हवा. डिझाइनवाल्याला लोकांचं बोट स्क्रीनवर कुठं फिरतं ते बघायचंय, म्हणून मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी. ॲप आहे म्हणून फायरबेस, नोटिफिकेशन पाठवायचे म्हणून क्लेव्हरटॅप नाहीतर मोएंगेज. प्रत्येक वेळी वाक्य तेच, "दोन ओळींचा तर कोड आहे, टाकून द्या." त्यात टॅग मॅनेजर असला की डेव्हलपरला विचारायचीही गरज नाही. जाहिरात संपते, एजन्सी बदलते, पण तिने टाकलेली स्क्रिप्ट तिथंच राहते. काढायची जबाबदारी कुणाचीच नाही.

बरं, एवढं करून आकडा तरी खरा मिळतो का? नाही. एक सेवा अर्धा तास हालचाल नसली की भेट संपली असं धरते, दुसरीचा हिशोब निराळा. कुणाची स्क्रिप्ट ॲडब्लॉकर अडवतो, कुणाची सुटते. एक सेवा बॉट गाळते, दुसरी त्यालाही माणूस समजते. एकाचा दिवस भारतीय वेळेनं संपतो, दुसऱ्याचा परदेशी वेळेनं. चार काटे, चार वजनं. मग मीटिंगमध्ये ज्याचा आकडा मोठा तो स्क्रीनवर लागतो.

याचा भुर्दंड कोणाला? प्रत्येक स्क्रिप्ट आपल्याच फोनवर, आपल्याच डेटापॅकवर चालते. आहुपे खोऱ्यात एका काडीची रेंज धरून फॉर्म भरणाऱ्या माणसाचं पान का अडकतं, याचं एक उत्तर इथं आहे.

पण खरा धोका पुढं आहे. या स्क्रिप्ट साधारणपणे उघडलेल्या पानाचा पत्ताही पाठवतात. डेव्हलपरने आळसाने त्या पत्त्यातच मोबाईल नंबर, अर्ज क्रमांक किंवा गट नंबर टाकला असेल, तर तो एका झटक्यात चारही ठिकाणी गेला. व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती ॲनालिटिक्समध्ये पाठवू नका, असं खुद्द गुगलचा नियम सांगतो. तो वाचतो कोण?

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हे वाक्य पारावर नेहमी ऐकू येतं. टोमॅटोचा भाव पडलेल्या आठवड्यात कर्जाचं पान कोण तीनदा उघडतो, हे ज्याला कळतं त्याला त्या माणसाची नड कळते. आणि नडलेल्या माणसाशी सौदा कसा होतो, हे बाजारात क्रेट घेऊन उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

उदाहरणं कमी नाहीत. मार्च २०१८ मध्ये एका फ्रेंच संशोधकाने दावा केला की पंतप्रधानांच्या नावाच्या ॲपमधून वापरणाऱ्यांची माहिती क्लेव्हरटॅपकडे जाते. भाजपचं उत्तर होतं की ती फक्त ॲनालिटिक्ससाठी वापरतात. त्याच संशोधकाने काँग्रेसच्या ॲपकडे बोट दाखवलं, तर ते ॲप प्ले स्टोअरवरून गायब झालं. म्हणजे या बाबतीत कुठल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याने कॉलर ताठ करू नये. अमेरिकेत २०२२ साली 'द मार्कअप'ने १०० नामांकित रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या. त्यातल्या ३३ ठिकाणी डॉक्टरची वेळ घेण्याचं बटण दाबलं की मेटा पिक्सेल फेसबुकला कळवत होता. २०२३ मध्ये बेटरहेल्प या समुपदेशन कंपनीला अशाच प्रकरणात ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

आता आपल्याच पोरांशी बोलतो. जुन्नर-आंबेगावची कितीतरी पोरं हिंजवडीत, खराडीत हेच काम करतात. पोरांनो, आकड्याशिवाय सुधारणा होत नाही हे मान्य. पण बटणाबटणाखाली चार कंपन्यांचा कोड चिकटवू नका. सगळ्या नोंदी आधी आपल्याच एका फंक्शनमधून जाऊ द्या. कुठल्या घटनेला काय नाव, याची एकच यादी ठेवा. तिथून आपल्या सर्व्हरवर, आणि अगदीच गरज असेल तर तिथून पुढं. म्हणजे संमती आहे का हे एकाच दारात तपासता येतं, मोबाईल नंबर त्याच दारात गाळता येतो, आणि उद्या एखादी सेवा काढायची झाली तर एका जागी काढता येते. बऱ्याच ठिकाणी तर दुसऱ्या सेवेची गरजच नसते. मॅटोमोसारखं मुक्त सॉफ्टवेअर २००७ पासून आहे (तेव्हा नाव पिविक होतं). आपल्या सर्व्हरवर बसवा, माहिती आपल्याच घरात राहते. साहेब म्हणतील "टाक रे दोन ओळी", तेव्हा विचारा: साहेब, ही काढायची कधी?

आणि कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षांनी लागू होतात. संमती मोकळी, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी. ती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची विनंती मराठीत वाचायचा पर्याय हा आपला हक्क आहे. काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. "आमच्या व्हेंडरला विचारा" हे उत्तर यापुढं चालणार नाही.

तेव्हा मंडळी, पतसंस्था असो, दूध संस्था असो, शाळा असो, ज्यांनी ज्यांनी ॲप काढलंय त्यांच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हे चार प्रश्न विचारा:

१. आपल्या ॲपमध्ये बाहेरच्या किती मोजणी सेवा आहेत? नावं सांगा.
२. प्रत्येकीकडे नेमकं काय जातं?
३. त्यांचा अहवाल शेवटचा कुणी, कधी उघडून बघितला?
४. सभासदाला मराठीत कुठं विचारलंय?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती सेवा त्याच आठवड्यात काढायचा ठराव मांडा. सूचक कोणीही व्हा, अनुमोदन द्यायला शेजारचा हात वर करेलच.

काट्यावर आपण आपली माणसं उभी करतो. इथंही करू.

पटलं तर पुढं पाठवा. नसेल पटलं तर खाली भांडा, उत्तर देईन.