इतकी स्वस्त का, विचारलंत?

कॉलेजच्या गेटवर कुणी सांगतं, ‘दोन वर्षं जुनी बाइक, अर्ध्या किमतीत देतो.’ आपण लगेच खूश! पण राव, इतकी स्वस्त का, हे विचारलंत? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, की विमा कंपनी तिला ‘टोटल लॉस’ धरते. अशीच एखादी गाडी भंगारभावात विकली जाते आणि ठोकून, रंगवून पुन्हा रस्त्यावर येते. अमेरिकेत अशा गाडीच्या कागदांवर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का असतो. आपल्या आरसीवर तसलं काही नसतं. म्हणून विम्याच्या क्लेमचे कागद मागा, चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहा, ओळखीच्या मेकॅनिकला फोर्क दाखवा.

उद्या तुम्हीच विकायला निघालात तर? ‘एकदा जरा पडली होती’ यावर भागवू नका. तिच्यावर बसणार आहे तो तुमचाच ज्युनियर. आणि फॉर्म २९-३० वर सह्या ठोकून मोकळेही होऊ नका, नाव बदललंय का ते बघा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय : आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी मग कुणीही चालवत असो.