एप्रन आणि पुस्तक

‘युद्ध आणि शांती’मधील फ्रीमेसनांची प्रकरणे विद्यार्थ्यांनी गाळली तरी चालतील, असे काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सांगितले. कारणही दिले : तो सुखवस्तूंचा क्लब, त्यांचे विधी म्हणजे थोरांचा पोरखेळ, आणि कथानक त्यावाचून अडत नाही. विद्यार्थ्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले. त्याच सुमारास परिचयातील एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, की तुमच्या लॉजमध्ये नव्या सभासदाला काय वाचायला देतात? गृहस्थ चाळीस वर्षांचे जुने मेसन. ते हसले. ‘‘वाचायला? अहो, पाठ करायला देतात. विधीत शब्द चुकला नाही की झाले.’’

प्राध्यापक आणि हे गृहस्थ एकमेकांना ओळखत नव्हते. मतैक्य मात्र पूर्ण होते. फ्रीमेसन आणि ग्रंथवाचन यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे दोघांच्याही गावी नव्हते. प्रस्तुत लेखकाला दोघांशीही भांडायचे आहे, पण अधिक त्या गृहस्थांशी. प्राध्यापकांचे अज्ञान बाहेरचे आहे, गृहस्थांचे घरातले.

ज्या विधीचा शब्द चुकू द्यायचा नाही, तो विधी काय सांगतो? इंग्लंडमधील प्रचलित पद्धतीत पहिल्या पदवीच्या उमेदवाराला तीन हत्यारे दाखवतात : मोजपट्टी, हातोडा आणि छिन्नी. यांपैकी छिन्नी म्हणजे शिक्षण. ओबडधोबड दगड घडवायचा, आणि तो दगड म्हणजे आपण स्वतः. दुसऱ्या पदवीत व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या त्याच्यापुढे मांडल्या जातात आणि त्यांचा अभ्यास कर असे बजावले जाते. म्हणजे आमचे गृहस्थ चाळीस वर्षे ‘अभ्यास कर’ हा आदेश बिनचूक पाठ म्हणत होते, आणि तो दुसऱ्या कुणाला उद्देशून असावा असे समजत होते.

पाठांतराच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, हे नाकारत नाही. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ याने 1599 मध्ये गवंड्यांच्या संघांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत कारागिरांची स्मरणकलेत परीक्षा घ्यावी असे कलम आहे. जिथे ज्ञान हातातून हातात आणि तोंडातून कानात जात होते, तिथे स्मरण हेच ग्रंथालय होते. आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये. घनपाठाची परंपरा आपलीच. पण अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा देणारे निरुक्तही आपलेच आहे. यास्काने हे सांगून अडीच हजार वर्षे होत आली. खांब अजून उभेच आहेत.

या साऱ्या प्रकरणातील खरी शोकांतिका विल्यम प्रेस्टन या माणसाची आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जन्म 1742, एडिनबरो. अठराव्या वर्षी तो लंडनला आला आणि विल्यम स्ट्राहानच्या छापखान्यात कामाला लागला. जॉन्सनचा शब्दकोश छापणारा तो हाच स्ट्राहान. प्रेस्टन तिथे मुद्रिते तपासत असे. शतकातील थोर लेखकांची वाक्ये ओलेत्या शाईत ज्याच्या डोळ्यांखालून जातात, त्या माणसाला विद्यापीठाची उणीव किती जाणवावी आणि किती भरून काढता यावी, याची कल्पना मुद्रितशोधन केलेल्या कुणालाही येईल. (मराठीतही असे मुद्रितशोधक होऊन गेले, ज्यांच्या विद्वत्तेवर लेखकांनी आपली विद्वत्ता मिरवली.) तर या प्रेस्टनने 1772 मध्ये ‘इलस्ट्रेशन्स ऑफ मेसनरी’ हे पुस्तक लिहिले आणि प्रत्येक पदवीसाठी व्याख्याने रचली. पुढे हार्वर्डच्या विधिशाखेचा प्रमुख झालेल्या रॉस्को पाउंडने प्रेस्टनच्या विचाराचा उलगडा केला आहे. त्याच्या मते प्रेस्टनला लॉज ही एक शाळा करायची होती. दिवसभर राबणाऱ्या, शाळेचा उंबरा अर्धवट ओलांडलेल्या माणसाला संध्याकाळी तिथे त्या काळच्या सर्व ज्ञानाचा गोषवारा मिळावा. साधन म्हणून व्याख्यान, कारण पुस्तके महाग.

पुढे काय झाले? ज्ञान वाढले, व्याख्याने गोठली. प्रेस्टनच्या काळी जो ताज्या विद्येचा सारांश होता, तो दीडशे वर्षांनी लोक डोळे मिटून म्हणू लागले. अज्ञान घालवण्यासाठी केलेली रचनाच अज्ञानाची उशी झाली. खगोलशास्त्र थोर आहे असे म्हणायचे, आकाशाकडे मात्र पाहायचे नाही. आपल्या विद्यापीठांतील ‘गाइडां’चा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. कधीकाळी कुणा तळमळीच्या शिक्षकाने गरीब विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणांचेच पुढे असे होते.

घरातून ओरड झाली नाही असे नाही. अमेरिकेतील अल्बर्ट मॅकी याने 1875 मध्येच वाचणारे मेसन आणि न वाचणारे मेसन असा सरळ भेद करून दुसऱ्यांची कानउघाडणी केली. आयोवातील थिओडोर पार्विनने मूठभर पुस्तकांपासून सुरुवात करून असा संग्रह उभा केला, की 1884 मध्ये सीडर रॅपिड्स येथे खास त्याच्यासाठी इमारत बांधावी लागली. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘क्वाटुओर कोरोनाटी’ या लॉजला सनद मिळाली. आपल्याच बंधूंनी पसरवलेल्या सॉलोमनकालीन दंतकथा कागदपत्रांच्या आधारे तपासणे, हे तिचे काम.

‘पण आमचे गुपित असते, ते पुस्तकात कसे सापडेल?’ असा एक बचाव ऐकू येतो. हा बचाव हास्यास्पद आहे. सॅम्युअल प्रिचर्डने 1730 मध्ये सगळा विधी छापून टाकला, त्याच्या लगोलग आवृत्त्या निघाल्या. तीनशे वर्षे जे बाजारात मिळते त्याला गुपित म्हणणे हा न वाचण्याचा परिणाम आहे. याच न वाचण्यावर दुसऱ्या बाजूचे पीकही पोसले जाते. 1797 मध्ये बारुएल आणि रॉबिसन यांनी फ्रेंच राज्यक्रांती ही या मंडळींच्या कटाची फलनिष्पत्ती ठरवली. आज तोच माल नव्या वेष्टनात विकला जातो. त्याला उत्तर द्यायला जो पुढे यायचा, त्याने स्वतःचा इतिहास वाचलेला नसतो. तो नुसता गूढ हसतो, आणि समोरच्याचा संशय पक्का होतो.

आता प्राध्यापकांकडे वळतो. सुखवस्तूंचा क्लब? पुष्कळ ठिकाणी होता. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रिन्स हॉल कोण होता? बोस्टनचा कृष्णवर्णीय. 1775 मध्ये त्याने आणि त्याच्या चौदा सोबत्यांनी दीक्षा घेतली, ती एका आयरिश लष्करी लॉजकडून. 1787 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, की आम्ही कर भरतो, तर आमच्या मुलांना शाळा द्या. शाळा मिळाली नाही. 1797 च्या आपल्या भाषणात त्याने बंधूंना सांगितले, की शिक्षणाची साधने तुमच्यापासून हिरावली असली तरी चिंतनाची हिरावता आलेली नाहीत. ज्याला अक्षर नाकारले जाते, त्याच्यासाठी स्वशिक्षण हा फावल्या वेळचा छंद नसतो. गोऱ्या अमेरिकन मेसनांनी मात्र या परंपरेला मान्यता देण्यास सुरुवात केली ती 1989 मध्ये. विश्वबंधुत्व त्यांनाही मुखोद्गत होतेच.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? मुंबईच्या माणेकजी करसेटजींना इथल्या इंग्रज मेसनांनी दारात उभे केले नाही. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. 1843 मध्ये जेम्स बर्न्सच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे हिंदी लोकांना खुले असलेले लॉज मुंबईत निघाले, त्यामागे माणेकजींची ही चिकाटी होती. याच माणेकजींनी 1863 मध्ये अलेक्झांड्रा ही मुलींची इंग्रजी शाळा काढली. ज्या संघटनेत बाईला प्रवेश नाही, तिच्या सभासदाने मुलींच्या हाती पुस्तक द्यावे, ही विसंगती मला त्या संघटनेच्या सगळ्या प्रतीकांहून मोलाची वाटते. मुंबईच्या प्रबोधनाचा इतिहास आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. त्यात लॉजचा उल्लेख किती वेळा येतो?

रशियात निकोलाय नोविकोव्ह या मेसनाने 1779 मध्ये मॉस्को विद्यापीठाचा छापखाना चालवायला घेतला आणि रशियन वाचक घडवला. 1792 मध्ये कॅथरीनने त्याला श्ल्युसेलबुर्गच्या किल्ल्यात डांबले आणि त्याची पुस्तके जाळली. विधी पाठ म्हटल्याबद्दल कुणी पुस्तके जाळत नाही.

‘युद्ध आणि शांती’मधील पिएर हा याच वातावरणाचा वारस. बाझ्देयेव भेटल्यानंतर पीटर्सबर्गला येऊन तो सर्वप्रथम काय करतो, तर थॉमस आ केम्पिस वाचत बसतो. पुढे आपल्या बंधूंची तो चार वर्गांत विभागणी करतो. त्यांत ज्यांना बाह्य विधीपलीकडे काहीच दिसत नाही, त्यांचा वर्ग तिसरा, आणि संख्येने सर्वांत मोठा. आमचे वृद्ध गृहस्थ तिथे आहेत. हे लिहिण्यापूर्वी 1866 च्या नोव्हेंबरात टॉलस्टॉय मॉस्कोच्या रुम्यांत्सेव्ह संग्रहालयात मेसनांची हस्तलिखिते वाचत बसला होता, आणि त्या वाचनाने मन खिन्न झाल्याचे त्याने पत्नीला कळवले. त्याला ती माणसे पटली नव्हती. तरीही त्याने त्यांचे कागद वाचले आणि मग ती प्रकरणे लिहिली. चर्चासत्रात विद्यार्थ्यांना गाळायला सांगितली, ती हीच.