आधी टाकीचं झाकण बघा

आमच्या धंद्यात एक वाक्य बदनाम आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." टेस्टरने बग टाकला की डेव्हलपर हे म्हणतो, आणि सगळे हसतात. मीही हसतो. पण गेल्या नोव्हेंबरात हेच वाक्य एका मेकॅनिकने मला ऐकवलं तेव्हा मला हसू आलं नाही, राग आला. चूक माझी होती. म्हणून हा लेख.

तर झालं असं. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी बावीस फुटी शिडाची बोट घेतली आहे. (ईएमआय भरणाऱ्या माणसाने हे करू नये, पण असो.) मुंबईत पावसाळ्यात अशा बोटी बाहेर काढून ठेवतात आणि ऑक्टोबरात पुन्हा पाण्यात सोडतात. वारा पडला तर घरी यायला मागे एक छोटी आउटबोर्ड मोटर, आणि तिला पाइपने जोडलेली बारा लिटरची सुटी टाकी. यंदा पहिल्याच फेरीत मोटर रडायला लागली. सुरू व्हायची झकास, पंधरा मिनिटं पळायची, मग आवाज बसत जायचा आणि बोट जेमतेम सरकायची. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ताजीतवानी!

आता तुम्ही सॉफ्टवेअरवाले असाल तर इथेच थांबा आणि विचार करा. रीस्टार्ट केल्यावर सुरळीत, थोड्या वेळाने मंद. ऑफिसात हे ऐकलं असतं तर मी झोपेतसुद्धा "मेमरी लीक बघा" म्हणालो असतो. काहीतरी हळूहळू साचतंय किंवा संपतंय. पण बोटीवर माझं डोकं कुठे गेलं होतं कोण जाणे. आम्ही प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि मोटर उतरवून मेकॅनिककाकांकडे कार्ब्युरेटर साफ करायला दिली. सगळं एकाच आठवड्यात. म्हणजे बरी झाली असती तरी कशाने झाली ते कळलंच नसतं.

कार्ब्युरेटरचा संशय अगदीच खुळा नव्हता. चार महिने तसंच राहिलेलं पेट्रोल आत चिकट होतं आणि जेटची बारीक भोकं बुजतात. त्यात २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, फार पाणी झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. थिअरी छान होती, फक्त आमच्या मोटरची नव्हती.

काकांनी मोटर ड्रममध्ये लावून अर्धा तास चालवून दाखवली. "साहेब, माझ्याकडे तर चालतेय." आम्ही पैसे दिले, बोटीवर आलो, आणि त्याच शनिवारी संध्याकाळी मांडव्याहून परतताना वारा पडला आणि मोटर पुन्हा बसली. अंधार पडत होता, ओहोटीचा जोर होता आणि आम्ही बंदराच्या तोंडाकडे वाहत होतो, मोठ्या जहाजांच्या वाटेच्या दिशेने. याच बंदरात १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' फेरीवर आदळली आणि पंधराजण गेले, हे आठवायला ती अगदी चुकीची वेळ होती. मी फोन काढून काकांना वाट्टेल ते बोललो. "तुम्ही पैसे खाल्लेत" हेसुद्धा. तीस वर्षं मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला.

फोन ठेवला. तोवर मित्राने नांगर टाकला होता. मग पेट्रोल किती उरलंय ते बघायला त्याने टाकीचं झाकण फिरवलं आणि स्स्स करून हवा आत गेली. मोटर सुरू केली, आणि झाकण सैल ठेवून आम्ही सरळ गेटवेपर्यंत आलो.

झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी म्हणून तो उघडायचा. आम्ही तो दर वेळी उघडत होतो. पण आतलं भोक मिठाने बुजलेलं होतं. "उघडलाय" हे आम्ही बघितलं होतं, तपासलं नव्हतं.

सोमवारी काकांकडे गेलो. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मोटर आणलीत. टाकी आणलीच कुठे होतीत?" त्यांनी स्वतःची टाकी लावून चाचणी घेतली होती. माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण तेव्हापासून ते माझ्याशी जरा मोजकंच बोलतात. ते बरोबरच आहे.

आता मुद्दा. "मोटरची पॉवर गेली" हे लक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. लक्षण एवढंच की बोट हळू झाली. मग क्रमाने विचारायचं. आवाज चढाच आहे आणि बोट हळू? मग पंख्याकडे बघा: प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, मधलं रबरी बुश घसरत असेल, किंवा लाटेवर मागची बाजू उचलली जाऊन पंखा हवा ओढत असेल. सुरुवातीपासूनच हळू? तळाला बार्नेकल्स साठली असतील, किंवा दोनपैकी एक प्लग मेला असेल. गार करणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली? मोटर तापतेय, आधी बंद करा. धार ठीक आहे, पण काही वेळाने आवाज बसतो? पाइपमधला रबरी फुगा दाबा. दाबल्यावर मोटर उचलली तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. फुगा चपटा पडला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला. फुगा टणक असूनही मोटर बसतेय, तर मग कार्ब्युरेटर उघडा. आमचा फुगा चपटा होता. दहा सेकंदांचं काम. आम्ही तीन आठवडे आणि साडेसहा हजार रुपये घालवले.

कुणी म्हणेल, समुद्रात असं पद्धतशीर वागायला वेळ कुठे असतो? मला उलट वाटतं. वेळ आपणच विकत घ्यायचा असतो. आधी नांगर किंवा शीड, मग निदान. ऑफिसातही आपण आधी रोलबॅक करतो, मग कारण शोधतो. नांगर टाकायचं मित्राला सुचलं. मला फोन सुचला.

हेच मला टोचतं. आपण स्वतःला लॉजिकल माणसं समजतो. पण आपल्या क्यूबिकलच्या बाहेर पाऊल टाकलं की लॉजिक संपतं आणि समोरचा कमी शिकलेला माणूस चोर ठरतो. रिक्षावाला, प्लंबर, मेकॅनिक. स्वतःच्या टाकीचं झाकण तपासायच्या आधी.

असो. नवीन झाकण आणलंय. आणि हो, पुढच्या वेळी टाकीसकट जाणार आहे.