देव उघडले का?

हरेलीच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास ठकठक ऐकून बाहेर आलो. कुणी दार वाजवत नव्हतं. एक म्हातारा लोहार आमच्या चौकटीत खिळा ठोकत होता. फाटकाला कडुनिंबाची डहाळी आधीच खोचून झाली होती. घर भाड्याचं, चौकट मालकाची, त्यामुळे माझ्या तोंडून पहिलं वाक्य फौजीच निघालं: कुणाच्या परवानगीने? त्याने माझ्याकडे न बघता शेवटचा घाव घातला, हातोडी पिशवीत टाकली आणि म्हणाला, आज हरेली आहे. त्याच्या लेखी परवानगीचा विषय तिथेच संपला. बायकोने सुपातून तांदूळ आणि वर वीस रुपये दिले. तो पुढच्या दाराकडे गेला.

सध्या मुक्काम हुडको, भिलाई. एनसीसीवरची बदली आहे; बंदुका कमी, कागद जास्त आणि पोरं भरपूर. हुडको हे मुळात घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं नाव, पण इथे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांसाठी ते एका वस्तीचं नाव झालं आहे. पोलाद कारखान्यामुळे इथे सगळा देश येऊन राहिला आहे. आमच्या एका गल्लीत तेलुगू, बंगाली, मल्याळी, बिहारी आणि छत्तीसगढी घरं आहेत. त्या सगळ्यांच्या दारावर त्या सकाळी कडुनिंब होता.

हरेली म्हणजे इथल्या श्रावणातली अमावास्या. खेड्यात त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडं, विळा, सगळं घासून धुतात, अंगणात मुरूम टाकून त्यावर मांडतात आणि पूजा करून गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून फिरतात. इथला महिना पौर्णिमेला बदलतो आणि आपला अमावास्येला, म्हणून यांची श्रावण अमावास्या ती आपली आषाढ अमावास्या. म्हणजे दिव्यांची आवस. ज्या दिवशी इथला शेतकरी नांगर धुतो, त्याच दिवशी साताऱ्याकडे माझी आई समया, निरांजनं, कंदील असं घरातलं सगळं दिवाबत्तीचं सामान चिंच लावून घासते आणि पाटावर मांडते. (मेसमध्ये या दिवसाचं एकच नाव माहीत असतं, गटारी. ते असो.) एकीकडे नांगर, दुसरीकडे दिवा. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं. देवाची मूर्ती यातल्या एकाही ठिकाणी मधोमध नाही. ज्याच्यावर पोट चालतं किंवा जीव अवलंबून असतो, ती वस्तू धुवायची आणि तिच्यापुढे वाकायचं, एवढंच.

नाश्त्याला मुलीने विचारलं, ''बाबा, आपण पेगन आहोत का?'' ती कॉलेजात आहे आणि युरोपातली तरुण मुलं जुने देव पुन्हा कसे पुजायला लागली आहेत, याबद्दल वाचत असते. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांनी 1972 साली संस्था काढली आणि दुसऱ्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. इंग्लंडमध्ये जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी हजारो लोक स्टोनहेंजला पहाटे सूर्य बघायला जमतात. या मंडळींमध्ये एक वाद कायम चालू असतो म्हणे: आपल्या उपासनेत सर्वांत महत्त्वाचं काय? वंश? जुना ग्रंथ? की आतून जाणवणं?

पेगन या शब्दाची एक गंमत मी तिला सांगितली. लॅटिनमध्ये पागानुस म्हणजे खेड्यातला माणूस. पण रोमन सैनिक हा शब्द जरा तुच्छतेने वापरत, जो सैनिक नाही त्याच्यासाठी. म्हणजे आपण 'सिव्हिलियन' म्हणतो ना, अगदी त्याच सुरात. त्यामुळे एका फौजीने स्वतःला पेगन म्हणवणं जरा अवघड आहे. ती हसली, पण प्रश्न तिथेच राहिला. त्या तीन उत्तरांपैकी एकही मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायचं तर स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

आबा गेल्यावर घरातले देव थोरला म्हणून माझ्याकडे आले. देव म्हणजे चांदीचे टाक. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, जोतिबा आणि एक वीर. आमचा खंडोबा पालीचा. वीराचा टाक ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. आपल्याच घराण्यातला कुणीतरी लढाईत पडलेला माणूस. त्याचं नाव आमच्या घरात आता कुणालाच माहीत नाही. गावाबाहेर वीरगळ आहे, खाली लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला तो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो दगड आणि हा टाक एकाच माणसाचे असं आबा म्हणायचे. पुरावा काही नाही.

त्यानंतर लागोपाठ दोन बदल्या झाल्या. काळ्या ट्रंका, पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि नंबर, ट्रक, रेल्वे, पुन्हा ट्रक. देव सात नंबरच्या ट्रंकेत होते. ती ट्रंक दोन वर्षं उघडलीच नाही. आई दर रविवारी फोनवर विचारायची, ''देव उघडले का?'' आणि मी ''हो'' म्हणायचो. दोन वर्षं, दर रविवारी. शत्रूला फसवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने ते आईवर वापरलं.

या दोन वर्षांत काहीही वाईट घडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. वीज पडली नाही, कुणी आजारी पडलं नाही, बढतीही वेळेवर झाली. देव कोपतो म्हणून पूजा करा असं सांगणाऱ्यांना माझी साक्ष उपयोगाची नाही.

मग आई राहायला आली. आल्या आल्या तिने देवघर शोधलं आणि तिला ट्रंक सापडली. टाक काळे पडले होते, सर्वांत जास्त वीराचा. ती काही बोलली नाही. रिठ्याचं पाणी केलं, फरशीवर बसली आणि एकेक टाक जुन्या दातघासणीने घासायला लागली. मी दारात उभा. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाली, ''तुझी रायफल अशी ठेवली असतीस का रे?''

ज्याने खडकवासल्याला दिवस काढले आहेत त्याला या वाक्याचा मार कळेल. गंजलेलं हत्यार हा आमच्याकडे गुन्हा आहे. कॅडेट असताना रात्री अकराला, पायात त्राण नसताना, चिंदी नळीतून ओढली आहे. हत्यारावर माझी श्रद्धा आहे की नाही, असं मला कुठल्याही उस्तादाने विचारलं नाही. त्याने नळी उजेडाकडे धरून बघितली.

पलटणीत देवाचंही तसंच चालतं. अधिकाऱ्याचा धर्म कुठला हा प्रश्नच गौण असतो. जवान मंदिरात असतील तर तो मंदिरात, गुरुद्वाऱ्यात असतील तर डोक्याला रुमाल बांधून तिथे. सियाचिनच्या बेस कॅम्पजवळ ओपी बाबाचं मंदिर आहे. ओमप्रकाश नावाच्या जवानाने 1980 च्या दशकात एकट्याने एक चौकी राखली असं सांगतात. वर जाणारी तुकडी आधी त्याला रिपोर्ट देते, अमुक इतके जण जातोय, आणि उतरल्यावर पुन्हा रिपोर्ट देते. माझ्या बरोबरचा एक अधिकारी पक्का नास्तिक होता आणि आजही आहे. तोही कडक सलाम ठोकून रिपोर्ट द्यायचा. मी छेडलं तर म्हणाला, बाबा आहे की नाही मला माहीत नाही, पण त्याला आकडा सांगायचा म्हणून मी माझी माणसं आणखी एकदा मोजतो.

मला वाटतं, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच्या आसपास आहे. वंश महत्त्वाचा म्हणावा, तर माझ्या वीराचं नावसुद्धा मला माहीत नाही. विधी महत्त्वाचा म्हणावा, तर माझ्या आईला एक मंत्र धड येत नाही. आणि श्रद्धा? श्रद्धा येते जाते. चौदा हजार फुटांवर असते, सपाटीवर उतरली की पातळ होते. उरतं ते काम: ठरल्या दिवशी, स्वतःच्या हाताने, ज्याच्या जिवावर आपण उभे आहोत त्याची निगा. युरोपातल्या त्या पोरांना तुटलेली साखळी पुस्तकांतून जोडावी लागते, त्यांचं मला कौतुक वाटतं. आपली तुटलेली नाही. ती सात नंबरच्या ट्रंकेत आहे, आणि हेच धोक्याचं आहे, कारण जे आहे ते असणारच असं आपण धरून चालतो.

स्वतःच्या हाताने, यावर माझा जोर आहे. पैसे भरून दुसऱ्याकडून करवून घेतलेली पूजा, फोनवर दाबलेली घंटा, पुढे ढकललेली आरती, याला माझा विरोध नाही. तो माझा विषयच नाही. मदतनिसाने साफ केलेली रायफल साफ असते, पण तिच्या स्प्रिंगला कुठे ताण आलाय हे मला कळत नाही.

भिलाईत हे कारखान्यातही दिसतं. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते आणि यंत्रांना हार चढतात. इथली भट्टी 1959 साली पेटली. देशाचे रेल्वेरूळ इथे बनतात आणि 'विक्रांत' जहाजाच्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगररांगांत अगरिया लोक मातीच्या भट्टीत लोखंड गाळत होते आणि त्या भट्टीत लोहासुर राहतो असं मानत होते. व्हेरियर एल्विनने 1942 साली त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. विश्वकर्म्याला हार घालणाऱ्या इंजिनियरला लोहासुर माहीत नसेल, पण पेटवण्याआधी भट्टीपुढे क्षणभर थांबायचं ही रीत दोघांची एकच.

इथपर्यंत सगळं छान. पण हरेलीची रात्रही असते.

आदल्या दिवशी एक कॅडेट रजा मागायला आला होता. मला वाटलं गेडीसाठी. तो म्हणाला, आजी गावात एकटी आहे, विधवा आहे, आणि हरेलीच्या रात्री लोक तिच्या घराकडे बघत राहतात. त्याने 'टोनही' हा शब्द उच्चारला नाही, मला तो नंतर दुसऱ्याकडून कळला. टोनही म्हणजे चेटकीण. या अमावास्येला ती बाहेर पडते अशी समजूत आहे, आणि ती कोण हे ठरवताना गावाची नजर एकट्या म्हातारीवरच जाते. छत्तीसगढने यासाठी 2005 साली वेगळा कायदा केला, टोनही प्रताडना निवारण अधिनियम. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हायला 2013 उजाडावं लागलं. 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. गावाकडच्या पारावर त्यांना शिव्या देणारे पुष्कळ होते, त्यात आमचे आबाही. आज आबा असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो.

निगा राखण्याच्या बरोबरीने मी दुसरी कसोटी लावतो ती ही. माझ्या उपासनेचं बिल कोण भरतं? नांगर धुतला, पाणी माझं, घाम माझा. दिवे घासले, हात आईचे. पण माझं घर सुरक्षित वाटावं म्हणून शेजारची एखादी बाई रात्रभर कडी लावून बसणार असेल, तर ती उपासना नव्हे. ती घेराबंदी आहे, आणि घेराबंदी काय असते ते मी जवळून बघितलं आहे. 'आमची परंपरा' म्हणून छाती काढणाऱ्या माझ्या काही निवृत्त मित्रांना हे कडू लागेल. लागू दे. त्याच मित्रांपैकी काहींना टाक आणि तळी हीसुद्धा अंधश्रद्धा वाटते. मला दोघांचंही अर्धंच पटतं. कॅडेटला रजा दिली, आणि त्याच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा नंबरही. रात्र शांत गेली, असं त्याने सकाळी कळवलं.

राहिला खिळा. तो नेमका कशासाठी, हे मी लोहाराला दुपारी गाठून विचारलं. रोगराईसाठी, तो म्हणाला. आणखी? नजरेसाठी. कुणाच्या नजरेसाठी? त्यावर तो नुसता हसला आणि बिडी पेटवली. म्हणजे माझ्या चौकटीतलं ते लोखंड रोगाविरुद्ध आहे की त्या कॅडेटच्या आजीविरुद्ध, याचा निकाल मला लावता आलेला नाही. उपटावा तर म्हाताऱ्याच्या वर्षाच्या हक्काचा अपमान, ठेवावा तर मनात खुपतो.

संध्याकाळी आम्ही दिवे मांडले. समई एकच आहे, बाकी दोन निरांजनं, एक बॅटरीवरचा कंदील आणि माझा पेट्रोलिंगचा जुना टॉर्च. टॉर्च मुलीने स्वतः घासला आणि पाटावर ठेवला. बायकोने त्यालाही हळदकुंकू वाहिलं. वीराचा टाक समईच्या उजेडात होता. मग मी घरमालकांना फोन केला. कारखान्यातून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहतात. चौकटीला भोक पडलंय, बुजवून देतो, असं सांगितलं. ते म्हणाले, नीट बघा, रंगाखाली आणखी असतील. बॅटरी लावून बघितलं. रंगाच्या थराखाली सात उंचवटे होते.

''तांदूळ दिलेत ना त्याला?'' त्यांनी विचारलं.

दिले, म्हटलं.