गाभाऱ्यातला अंधार आणि लेन्सची निवड

मंदिराचा गाभारा अंधारा असतो, तो बांधणाऱ्यांना खिडकी सुचली नाही म्हणून नव्हे. उन्हातून मंडपाच्या सावलीत आणि तिथून एका समईपर्यंत पोचण्याचा तो क्रम आहे. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांत खांबांच्या रांगा ओलांडताना किंवा बीडमध्ये कुंडात उभ्या असलेल्या कंकालेश्वरात शिरताना तो जाणवतो. छायाचित्रात हा क्रम टिकेल की नाही, हे पुष्कळसे लेन्सच्या निवडीवर ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्राचा मानता येत नाही.

फ्लॅश प्रथम बाद करावा. समोरून आदळणारा प्रकाश शिल्पाची खोली पुसतो आणि हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचे ध्यान मोडतो. मोबाइलचा नाइट मोड तर रात्रीचा दिवसच करतो.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स ५५ला सहसा एफ/५.६ इतकीच उघडते. एफ/१.८ची साधी प्राइम लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पहिलीला सेकंदाचा सहावा भाग लागत असेल, तर दुसरीला साठावा पुरतो. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरते, आरती ओवाळणारा हात काही थांबवत नाही. अर्थात याची किंमत आहे. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/१.८ला उघडली, तर दोन मीटरवर जेमतेम वीतभर खोलीच स्पष्ट येते. मूर्ती की भक्त, हे आधी ठरवावे लागते. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, परंतु काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात, हेही तपासून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, ७०-२०० मिमीची एफ/२.८ लेन्स घ्यावी, दुरून टिपावे, कोणाला कळतही नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. व्यत्यय न आणणे वेगळे आणि नकळत टिपणे वेगळे. नवस फेडायला आलेल्या बाईच्या डोळ्यांतले पाणी तिचे स्वतःचे असते. लहानशी ३५ मिमीची लेन्स आपल्याला तिच्या नजरेच्या टप्प्यात उभे करते. तिला मान हलवून नकार देता येतो. दुरून रोखलेली लेन्स ही संधीच तिला देत नाही.

कादंबरी शिकवताना निवेदक पात्रांपासून किती अंतरावर उभा आहे, याची आपण वर्गात तासन्‌तास चर्चा करतो. लोकदैवतांवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी कॅमेरा घेऊन निघतो, तेव्हा मात्र त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा. विभागात एखादी लेन्स घ्यायची वेळ आलीच, तर ३५ मिमी, एफ/१.८ची घ्यावी. आणि जिथे छायाचित्रणाला मनाई आहे, तिथे कॅमेरा पिशवीत ठेवून वही काढावी. अंधाराचे वर्णन लिहिणे हे तर आपलेच काम आहे.