तार आली, पुढं काय?

आमच्या अक्काला आदिलाबाद जिल्ह्यात दिलंय. घरात मराठी-कन्नड, बाजारात तेलुगू. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर भाची बॅग भरत होती. हैदराबादच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करते. पण पावसाळ्यापासून तीनदा तार तुटली. कधी पाण्याच्या पाइपासाठी खणताना, कधी रस्ता रुंद करताना. ‘‘मामा, साहेब म्हणाले, आता इथंच येऊन राहा.’’ अक्का काहीच बोलली नाही. भावजी गेल्यापासून घरात दोघीच.

सरकारनं काही केलं नाही, असं नाही. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ साली मंजूर केली. तिचंच पुढं भारतनेट झालं. तेलंगणात हैदराबादबाहेर करीमनगर, खम्मम इथं २०२० साली, तर निजामाबादला २०२३ साली आयटी टॉवर उभे राहिले. कर्नाटकातही ‘बियाँड बेंगळुरू’ आहेच. पोरांनी गाव सोडू नये, कामानंच गावाकडं यावं, हा या सगळ्याचा हेतू.

घोडं अडतं ते देखभालीत. तार सरळ रेघेत असली, की मध्ये एक घाव बसताच पुढची गावं मुकी होतात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये ती बांगडीसारखी गोल फिरवायची ठरली. एका अंगानं तुटली, तरी दुसऱ्या अंगानं काम चालतं. शिवाय दहा वर्षं निगा राखायची सोय. खणण्याआधी तारवाल्यांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही आलं. पण जेसीबीवाल्यानं ते उघडलं पाहिजे ना!

विहीर बांधणाऱ्याचं नाव आपण दगडावर कोरतो. गाळ उपसणाऱ्याचं नाव कोण विचारतं? तारेचंही तसंच. नव्या धंद्याला उद्घाटनाच्या फितीपेक्षा सांधा जोडणारा माणूस जास्त लागतो. वाचकहो, ग्रामसभेत ‘तार आली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुटली तर सांगायचं कुणाला, आणि जोडणार किती तासांत?’ हेही विचारा.

सोमवारी भाची हैदराबादच्या बसमध्ये बसली. तीनशे किलोमीटरची वाट. अक्कानं चकल्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, ‘‘पोचल्यावर फोन कर.’’